मेंदू हो, असे कोण सांगते?

पावसाळा सुरू झाला की साचलेल्या पाण्यात बेडकांची अंडी दिसू लागतात. पारदर्शक, बुळबुळीत लगदा आणि त्यात मोहरीएवढे काळे ठिपके, असे त्यांचे रूप असते. काही दिवसांनी त्याच डबक्यात शेपटी हलवणारे बेडूकमासे दिसतात. त्यातल्या एकाला काडीने हळूच स्पर्श केला, तर तो झटकन दूर पळतो.

मुलांना यात विशेष काही वाटत नाही. पण क्षणभर विचार करा. स्पर्श झाला हे कळले, ती बातमी आत पोहोचली आणि शेपटीच्या स्नायूंना आज्ञा गेली. काही दिवसांपूर्वी जी एकच पेशी होती, तिच्यातून चेतासंस्था तयार झाली आणि ती कामालाही लागली. हे घडवून आणणारा कोण? भ्रूणातल्या काही पेशींना 'तुम्ही मेंदू व्हा' असे कोण सांगते?

या प्रश्नाच्या शोधाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. उत्तर मिळाले तेव्हा लक्षात आले की प्रश्न विचारण्याची पद्धतच थोडी चुकली होती. तो इतिहास शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा आहे.

एक गोळा, एक चादर, एक नळी

आधी काय दिसते ते पाहू. आफ्रिकेतल्या झेनोपस नावाच्या बेडकाच्या वाढीचा अभ्यास फार बारकाईने झालेला आहे, म्हणून तोच नमुना घेऊ. त्याचे अंडे एक मिलिमीटरपेक्षा किंचित मोठे असते. वरचा अर्धा भाग गडद, तर खालचा अर्धा फिकट. खालच्या भागात अन्नसाठा जास्त असतो.

सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात फलनानंतर साधारण दीड तासाने अंड्याचे पहिले विभाजन होते. पुढची विभाजने साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने होत जातात. नऊ-दहा तासांत हजारो पेशींचा एक गोळा तयार होतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पोकळी असते आणि पोकळीवर पेशींचे छत.

आता खरी हालचाल सुरू होते. गोळ्याच्या एका बाजूला, मध्यरेषेच्या थोडे खाली, एक बारीक चीर पडते. चिरेच्या वरच्या कडेला 'ओठ' म्हणतात. या ओठावरून बाहेरच्या पेशी आत वळतात आणि छताच्या आतल्या बाजूने पुढे सरकत जातात. त्यातून तीन थर तयार होतात. बाहेरचा बाह्यस्तर, मधला मध्यस्तर आणि आतला अंतःस्तर. ज्या बाजूला ओठ दिसला, ती पुढे प्राण्याची पाठ होते.

साधारण पंधराव्या तासाला पाठीवरचा बाह्यस्तर जाड होऊन तिथे एक सपाट पट्टी दिसू लागते. हा चेतापट्ट. त्याच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात. करंजीसाठी पारीच्या कडा उचलून जुळवतात, तशा त्या मध्यभागी येऊन जुळतात. बावीस तासांच्या आसपास पट्टीची नळी झालेली असते. नळीचे पुढचे टोक फुगते, तो मेंदू. उरलेली नळी म्हणजे मेरुरज्जू. चादरीचा बाकीचा भाग नळीवर पांघरुणासारखा येतो, ती त्वचा.

म्हणजे मेंदू शरीराच्या आत असला तरी तो बाहेरच्या थरातून आलेला आहे. त्वचा आणि मेंदू ही सख्खी भावंडे आहेत. एकाच चादरीत शेजारी असलेल्या दोन पेशींपैकी एक मेंदूत जाते आणि दुसरी त्वचेत. मग कोणी कुठे जायचे, हे ठरते कसे?

तापलेली सुई

जर्मनीतले विल्हेल्म रू हे या प्रश्नाला प्रयोगाने हात घालणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक. १८८८ साली त्यांनी बेडकाच्या अंड्याचे पहिले विभाजन झाल्यावर दोन पेशींपैकी एका पेशीला तापलेल्या सुईने टोचले. ती पेशी मेली, पण चिकटून राहिली. दुसरी वाढत गेली आणि तिच्यातून अर्धा भ्रूण तयार झाला. चेतापट्टही अर्धाच! रू यांनी निष्कर्ष काढला की अंड्यातला मालमसाला विभाजनाबरोबर वाटला जातो. प्रत्येक पेशीला आपला वाटा मिळतो आणि तिचे भवितव्य तिथेच ठरते.

प्रयोग स्वच्छ होता, निष्कर्ष सरळ होता. पण १८९१ साली हान्स ड्रीश यांनी समुद्री साळूच्या भ्रूणातल्या पहिल्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या, तेव्हा प्रत्येकीतून आकाराने लहान पण पूर्ण अळी तयार झाली. बेडकाच्या बाबतीत उलगडा व्हायला १९१० साल उजाडले. मॅक्लेंडन यांनी दोनपैकी एक पेशी मारून जागेवर ठेवण्याऐवजी ती शोषून काढूनच टाकली. उरलेल्या पेशीने पूर्ण भ्रूण घडवला. रू यांच्या प्रयोगात जिवंत पेशीला शेजारची मेलेली पेशी अजून तिथे असल्याचे 'जाणवत' होते. म्हणजे पेशीचे भवितव्य शेजारावरही अवलंबून असते.

ओठाचा तुकडा

शेजाऱ्याची ही भूमिका हान्स श्पेमान यांनी पुढे तपासली. साधने अगदी साधी होती. हाताने ओढलेल्या काचेच्या सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचे फासे. फ्रायबुर्ग विद्यापीठात ते बहुतेक वेळा न्यूट या प्राण्याची अंडी वापरत. न्यूट हा बेडकाचा शेपटीवाला नातलग, आणि त्याच्या भ्रूणावर शस्त्रक्रिया करणे सोपे जाते.

श्पेमान यांनी पुढे त्वचा होणाऱ्या आणि पुढे मेंदू होणाऱ्या तुकड्यांची अदलाबदल करून पाहिली. पेशी आत वळायला नुकत्याच लागल्या असताना अदलाबदल केली, तर तुकडे नव्या जागेप्रमाणे वागत. मेंदूच्या जागी ठेवलेला त्वचेचा तुकडा मेंदूच होई. हीच अदलाबदल पेशी आत वळून झाल्यावर केली, तर तुकडे आपले मूळ वळण सोडत नसत. म्हणजे निर्णय मधल्या काही तासांत होत होता. एकच तुकडा याला अपवाद होता, तो म्हणजे चिरेचा वरचा ओठ. तो कुठेही लावला तरी आपलेच काम करी.

१९२१ साली या ओठाचा प्रयोग श्पेमान यांनी आपल्या विद्यार्थिनीकडे सोपवला. तिचे नाव हिल्डे प्रोशोल्ट, लग्नानंतर हिल्डे मॅन्गोल्ड. आधी तिला हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी उलटा करण्याचा एक जुना प्रयोग दिला होता. तो काही केल्या जमेना, म्हणून विषय बदलला. (हायड्राचे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.)

हिल्डे यांनी न्यूटच्या दोन जाती घेतल्या. एकीच्या पेशी फिकट, दुसरीच्या गडद. फिकट भ्रूणाचा ओठ कापून त्यांनी गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला. दोन रंगांमुळे कोणती पेशी कोणाची, हे नंतर ओळखता येणार होते. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. जंतुसंसर्गाने बहुतेक भ्रूण मरत. शेकडो प्रयत्नांनंतर अगदी मोजके भ्रूण पुरेसे वाढले.

पण ते मोजके भ्रूण विलक्षण होते. त्यांच्या पोटावर दुसरा भ्रूण तयार झाला होता. त्याला स्वतःची चेतानलिका होती. आणि रंग पाहिला तेव्हा कळले की दुसरी चेतानलिका मुख्यतः गडद, म्हणजे यजमानाच्याच पेशींची आहे. एरवी ज्या पेशी पोटाची त्वचा झाल्या असत्या, त्या ओठाच्या शेजारामुळे मेंदू आणि मेरुरज्जू झाल्या. आणलेल्या फिकट पेशींपासून प्रामुख्याने मध्यस्तराचे भाग तयार झाले होते. ओठाच्या या तुकड्याला श्पेमान यांनी 'संघटक' असे नाव दिले.

निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरातल्या शेगडीच्या अपघातात भाजून हिल्डे मॅन्गोल्ड यांचा मृत्यू झाला. त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या. या शोधासाठी १९३५ साली श्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही अनेक पुस्तकांत केवळ 'श्पेमानचा संघटक' असा उल्लेख असतो. वर्गात सांगताना दोन्ही नावे घ्यावीत.

मेलेला संघटकही चालतो!

आता पुढचे पाऊल उघड दिसत होते. संघटकातून काहीतरी पदार्थ बाहेर पडत असणार आणि तो बाह्यस्तराला 'मेंदू हो' अशी आज्ञा देत असणार. तो पदार्थ शोधायचा! १९३० च्या दशकात अनेक प्रयोगशाळा या शोधात गुंतल्या.

१९३२ साली पहिला धक्का बसला. संघटक उकळून किंवा इतर प्रकारे मारून लावला, तरी चेतासंस्था तयार होत होती. मग योहानेस होल्टफ्रेटर यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे लावून पाहिले. यकृत चालले, मूत्रपिंड चालले. पुढे चीनमधील विज्ञानाचा इतिहास लिहून प्रसिद्ध झालेले जोसेफ नीडहॅम, त्यांचे सहकारी वॅडिंग्टन आणि ब्राशे यांनी १९३६ साली दाखवले की मेथिलिन ब्लू हा रंगही चालतो. प्रयोगशाळेच्या कपाटातला रंग! त्याचा भ्रूणाशी काय संबंध?

शोध घेणारे गोंधळून गेले. एका कुलपाला शेकडो किल्ल्या लागत असतील, तर खरी किल्ली कोणती हे ओळखायचे कसे?

याहून चमत्कारिक गोष्ट १९४१ साली समोर आली. अमेरिकेत लेस्टर बार्थ यांनी सॅलॅमँडर जातीच्या प्राण्याचा बाह्यस्तर वेगळा काढून, त्याला काहीही न लावता, क्षारांच्या द्रावणात ठेवला. त्यातून चेताऊती तयार झाली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून कॅनडात पोहोचलेल्या होल्टफ्रेटर यांनाही १९४४ साली तसेच दिसले. द्रावणामुळे पेशींना थोडी इजा झाली, पण त्या मरण्याइतकी नाही, तर त्या चेतापेशी होत.

आज मागे वळून पाहताना वाटते की उत्तर इथेच समोर ठेवलेले होते. काहीही लावले तरी मेंदू होतो, आणि काहीच लावले नाही तरी कधीकधी होतो. मग आज्ञा बाहेरून येते कशावरून? मेंदू होण्याची तयारी चादरीत आधीचीच असेल तर? पण सगळ्यांच्या मनात एक गृहीतक पक्के होते. त्वचा ही आपोआप होते आणि मेंदू मात्र कोणीतरी घडवावा लागतो. मेंदू इतका गुंतागुंतीचा, त्याला आज्ञा नको? या गृहीतकामुळे बार्थ यांचे निरीक्षण प्रयोगातला अडथळा ठरले. न्यूटचा बाह्यस्तर भरवशाचा नाही, असे म्हणून अनेकांनी हा विषयच सोडून दिला.

आफ्रिकेतला पाहुणा

चित्र बदलायला एका वेगळ्याच कारणाने जगभर पोहोचलेला प्राणी उपयोगी पडला. १९३० च्या सुमारास लॅन्सलॉट हॉगबेन यांना केपटाऊनमध्ये असे दिसले, की पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला की झेनोपसची मादी अंडी घालते. गरोदर स्त्रीच्या मूत्रात असेच काम करणारे संप्रेरक असते. त्यामुळे हा बेडूक गर्भधारणेच्या चाचणीसाठी वापरात आला आणि अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत पाळला जाऊ लागला. पुढे रासायनिक चाचण्या आल्या, पण बेडूक प्रयोगशाळांत राहिला. बहुतेक बेडूक वर्षातून एकाच हंगामात अंडी घालतात. झेनोपसकडून मात्र संप्रेरक टोचून वर्षभर अंडी मिळवता येतात. हीच त्याची मोठी सोय.

१९८३ साली झेनोपसमध्येही संघटकाचा प्रयोग खुणा केलेल्या पेशी वापरून यशस्वी झाला. हिल्डे मॅन्गोल्ड यांचा निष्कर्ष बेडकालाही लागू पडला. झेनोपसचा आणखी एक गुण म्हणजे त्याचा बाह्यस्तर न्यूटसारखा हळवा नाही. त्याच्या छताचा तुकडा कापून क्षारांच्या साध्या द्रावणात ठेवला, की तो मुकाट्याने त्वचेचा गोळा होतो. त्यामुळे कशाने काय होते, हे स्पष्ट दिसू शकते.

१९८९ साली जर्मनीत होर्स्ट ग्रुन्ट्स आणि लोथार टाके यांनी हा छताचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या, काही तास तशाच ठेवल्या आणि पुन्हा एकत्र केल्या. बाहेरून कोणताही प्रवर्तक पदार्थ घातला नाही. त्या पेशींपासून त्वचा झाली नाही, चेताऊती झाली!

अखंड तुकड्यापासून त्वचा आणि सुट्या पेशींपासून चेताऊती. फरक एवढाच की सुट्या पेशींचा एकमेकींशी संवाद तुटला होता. याचा सरळ अर्थ असा, की बाह्यस्तरातल्या पेशी एकमेकींना सतत काहीतरी सांगत असतात, आणि ते सांगणे म्हणजे 'त्वचा हो'. ते ऐकू आले नाही, की पेशी चेताऊतीच्या वाटेने जाते.

संदेश अडवणारे

यानंतरची काही वर्षे धावपळीची गेली. अली हेमाती-ब्रिवानलू आणि डग्लस मेल्टन हे अमेरिकेत मध्यस्तर कसा तयार होतो, ते अभ्यासत होते. ॲक्टिव्हिन या प्रथिनाचा संदेश पेशीला ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी बेडकाच्या भ्रूणात त्या संदेशाचा अर्धवट, निकामी ग्राहक घातला. मध्यस्तर तयार झाला नाही, हे अपेक्षित होते. पण छताच्या तुकड्यापासून चेताऊती तयार झाली, हे अपेक्षित नव्हते. इथेही नवे काही सांगितले नव्हते. उलट ऐकू येणे बंद केले होते. हा ग्राहक दुसऱ्या संदेशांनाही अडवतो, हे नंतर कळले.

त्याच सुमारास संघटकातून बाहेर पडणारे पदार्थ अखेर सापडू लागले. १९९२ साली बर्कले इथे विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हारलँड यांनी एक जनुक शोधून काढले. त्याचा भरपूर पुरवठा केला, की भ्रूणाचे डोके वाजवीपेक्षा मोठे होई. म्हणून त्याला 'नॉगिन' असे नाव दिले. इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ 'टाळके'. १९९३ साली दाखवले गेले की नॉगिन प्रथिनामुळे छताच्या तुकड्यात थेट चेताऊती तयार होते. १९९४ साली लॉस एंजेलिसमध्ये एडवर्ड डी रॉबर्टिस यांच्या गटाने 'कॉर्डिन' शोधले. फॉलिस्टॅटिन हे तिसरे प्रथिनही असेच काम करते, हे त्याच वर्षी स्पष्ट झाले.

साठ वर्षे ज्याची वाट पाहिली, ती 'मेंदू हो' अशी आज्ञा हीच का? नाही. १९९५ साली असे दिसले की सुट्या केलेल्या पेशींना बीएमपी-४ हे प्रथिन दिले, की त्या पुन्हा त्वचेच्या वाटेला लागतात. म्हणजे 'त्वचा हो' हा संदेश बीएमपीचा होता. आणि १९९६ साली सिद्ध झाले की नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने बीएमपीलाच घट्ट धरून ठेवतात. संदेश पेशीपर्यंत पोहोचतच नाही.

बीएमपी या नावाचा अर्थ 'हाडाला आकार देणारे प्रथिन'. मार्शल यूरिस्ट यांनी १९६५ साली हाडावरच्या अभ्यासात या गुणाचा पत्ता लावला, म्हणून हे नाव पडले. निसर्गात एकच प्रथिन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी निराळी कामे करते. नावावरून काम ओळखायला गेले तर फसगत होते, ती अशी.

गावातल्या टपालाची उपमा घेऊ. घरोघरी एकच पत्र जात आहे, 'त्वचा हो'. पाठीकडच्या एका वाडीत मात्र काही माणसे वाटेतच उभी आहेत आणि पोस्टमनच्या हातातली पत्रे काढून घेत आहेत. त्या वाडीतल्या घरांना पत्र मिळत नाही. ती घरे आपल्या मनाने वागतात, आणि त्यांचे मन मेंदूकडे आहे. संघटक हा नवे पत्र पाठवणारा नसून पत्र अडवणारा आहे.

याची कसोटी २००५ साली लागली. झेनोपसच्या एका छोट्या जातीत नॉगिन, कॉर्डिन आणि फॉलिस्टॅटिन या तिघांचे काम एकाच वेळी थांबवले गेले. चेतापट्ट जवळजवळ नाहीसा झाला. एकट्या दुकट्याला थांबवून इतका परिणाम होत नव्हता, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढत होता.

नियम आणि पुरवण्या

गोष्ट इथे संपली असती तर फार सुटसुटीत झाले असते. पण काही पुरवण्या जोडाव्या लागतात.

पहिली पुरवणी सुट्या पेशींची. २००५ सालच्याच एका अभ्यासात दिसले, की पेशी सुट्या केल्यावर बीएमपी विरून जाते, एवढेच घडत नाही. पेशीच्या आतला दुसरा एक संदेशमार्गही जागा होतो आणि तोही बीएमपीच्या संदेशात अडथळा आणतो. न्यूटच्या इजा झालेल्या पेशी आपोआप चेतापेशी का होत, याच्या उलगड्याची दिशा यातून मिळते. दुसरी पुरवणी अशी की कोंबडीच्या भ्रूणात केवळ बीएमपी अडवणे पुरत नाही. त्याआधी आणखी काही संदेश मिळालेले असावे लागतात.

तिसरी पुरवणी जागेची आहे. बीएमपी अडवल्यावर तयार होणारी चेताऊती मेंदूच्या पुढच्या भागासारखी असते. मग मेंदूचा मागचा भाग आणि मेरुरज्जू कुठून येतात? नेदरलँड्सचे पीटर नियुकूप यांनी १९५२ सालीच प्रयोगांवरून सुचवले होते, की आधी सगळी ऊती पुढच्या मेंदूच्या प्रकारची होते आणि मग मागच्या टोकाकडून येणारे संदेश तिला मागच्या भागांत बदलतात. पुढे ते संदेश देणारी प्रथिनेही सापडली. म्हणजे इथे मात्र सकारात्मक आज्ञा आहेत. आधी एक अडवणूक आणि मग अनेक आज्ञा, असा हा क्रम आहे.

पुण्यातला हायड्रा

ही यंत्रणा किती जुनी असावी? आता हायड्राकडे वळू. हायड्राला मेंदू नाही. त्याच्या शरीरात चेतापेशींचे विरळ जाळे असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रामध्ये नॉगिनसारखे जनुक शोधले. ते बेडकात काम करील का, हे जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तपासले गेले. हायड्राच्या नॉगिनचा आरएनए झेनोपसच्या कोवळ्या भ्रूणात टोचला, तेव्हा त्या भ्रूणांत दुसरा अक्ष तयार झाला. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. हिल्डे मॅन्गोल्ड यांनी ओठाचा तुकडा लावून जे घडवले होते, त्याच जातीचे काम डबक्यातल्या हायड्राच्या जनुकाने बेडकात केले. हायड्रा आणि बेडूक यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी बीएमपीला धरून ठेवण्याची युक्ती दोघांत टिकून आहे.

माणसाच्या बाबतीतही हे ज्ञान कामी आले. मूलपेशींपासून चेतापेशी मिळवायच्या असतील तर काय करायचे? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत नॉगिन आणि आणखी एक रेणू वापरून दोन संदेशमार्ग एकाच वेळी बंद करतात. मूलपेशी चेताऊतीच्या वाटेला लागतात. पार्किन्सनसारख्या विकारांवर उपचार शोधणाऱ्या प्रयोगशाळांना अशा पेशी लागतात. बेडकाच्या छताच्या तुकड्याने शिकवलेला धडा असा दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचला आहे.

वर्गात काय न्यायचे?

जीवशास्त्राच्या तासाला अनेकदा 'संघटक बाह्यस्तराला मेंदू बनवतो' एवढे एक वाक्य सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. त्याऐवजी फळ्यावर चार ओळी लिहा.

१. छताचा अखंड तुकडा, काहीही न लावता : त्वचा.
२. छताचा तुकडा, सोबत संघटक : चेताऊती.
३. छताच्या पेशी सुट्या करून पुन्हा जुळवलेल्या, काहीही न घालता : चेताऊती.
४. सुट्या पेशी, सोबत बीएमपी-४ : त्वचा.

पहिल्या दोनच ओळी दाखवून निष्कर्ष विचारा. बहुतेक विद्यार्थी 'संघटक मेंदू बनवतो' असेच म्हणतील. त्यांचे काही चुकले नाही. १९२४ पासून पुढे शास्त्रज्ञांनीही तेच म्हटले. मग तिसरी ओळ उघडा आणि थांबा. वर्गाला वाद घालू द्या. चौथी ओळ सर्वांत शेवटी. दोनच ओळींवरून काढलेला निष्कर्ष चार ओळींपुढे का टिकत नाही, हे मुलांना त्यांच्याच बोलण्यातून कळेल.

पावसाळ्यात जवळच्या डबक्यातली अंडी मुलांना जागेवरच भिंगातून दाखवता येतील. ती घरी किंवा शाळेत आणायची गरज नाही. रोज त्याच जागी जाऊन चित्र काढले, तरी गोल अंडे लांबट होताना, शेपटी फुटताना आणि पहिली वळवळ सुरू होताना दिसेल.

आणि 'काहीही न लावलेला तुकडा' नीट समजावून सांगा. प्रयोगवहीत मुले त्याची नोंद उरकून टाकतात, कारण त्यात काही घडणार नाही असे त्यांनी आधीच धरलेले असते. बार्थ यांच्या तुकड्याला काहीही लावलेले नव्हते आणि तरी त्यात मेंदूची ऊती दिसली होती. ती गंभीरपणे घेतली जायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. एखादी गोष्ट घडली, की ती कोणी घडवली असे आपण लगेच विचारतो. तिला आजवर कोण अडवत होते, हाही प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली, तर बेडकाच्या अंड्याने बरेच काही शिकवले असे म्हणता येईल.